तीन हिरवे दिवे

रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले, तर गाडीवान काय करतो? तो कासरा आखडून बैल थांबवतो, खाली उतरतो, वाकून चाकाकडे पाहतो, वंगण घालतो किंवा सैल झालेली खीळ ठोकून बसवतो आणि मग पुन्हा मार्गाला लागतो. मोटार बिघडली, तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आगगाडीत दोष आढळला, तर ती जवळच्या स्थानकात थोपवून धरता येते. समुद्र शांत असेल, तर जहाजही यंत्रे बंद करून पाण्यावर तरंगत राहू शकते. विमानाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या पंखांवरून सतत वेगाने हवा वाहत असते, म्हणूनच ते आकाशात टिकून राहते. ज्या क्षणी त्याची गती फार मंदावेल, त्या क्षणी त्याचा आधार सुटेल. त्यामुळे आकाशातल्या वैमानिकाला 'जरा थांबून पाहू' असे म्हणण्याची सोय नाही.

यास्तव विमानात काही बिघाड झाला, म्हणजे वैमानिकांपुढे एकाच वेळी दोन कामे उभी राहतात. बिघाड कोणता आहे हे शोधणे, हे एक काम. आणि तो शोध चालू असताना विमान नीट चालवीत राहणे, हे दुसरे. यांपैकी कोणत्या कामाला पहिला मान द्यावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शिकण्यासाठी मनुष्यजातीला फार मोठे मोल द्यावे लागले आहे. ते उत्तर कसे मिळाले आणि आज ते कसे उपयोगी पडते, हे आपण विमानाच्या एका साध्या अवयवाच्या, म्हणजे त्याच्या चाकांच्या, निमित्ताने पाहू.

विमान धावपट्टी सोडून वर उडाले, की थोड्याच वेळात प्रवाशांना पायांखाली घरघर ऐकू येते आणि पाठोपाठ काहीतरी बंद झाल्यासारखा आवाज होतो. विमानाने आपली चाके पोटात ओढून घेतल्याची ती खूण होय. पक्षी उडताना आपले पाय पोटाशी धरतो, तसाच हा प्रकार. चाके बाहेर लोंबत राहिली, तर हवेचा मोठा अडथळा होईल, वेग घटेल आणि इंधन व्यर्थ जळेल. उतरण्याची वेळ आली, म्हणजे वैमानिक एक दांडा खाली ओढतो. त्याबरोबर पोटाची दारे उघडतात आणि चाकांचे पाय बाहेर येतात. बहुतेक प्रवासी विमानांना असे तीन पाय असतात: दोन पंखांच्या मुळाशी आणि एक नाकाखाली. शेकडो माणसांचे आणि कित्येक टन धातूचे ओझे जमिनीवर टेकताना याच तीन पायांवर पडते.

इतके अवजड पाय हलवण्याचे काम तेलाच्या दाबाने केले जाते. पिचकारीचा दट्ट्या दाबला, म्हणजे नळीतील पाणी जोराने पुढे सरकते; त्याच तत्त्वावर नळ्यांतून दाबलेले तेल चाकांचे पाय वर घेते आणि खाली सोडते. पाय पूर्ण खाली आला, म्हणजे तो एका अडसराने पक्का अडकवला जातो. तसा तो अडकला नाही, तर टेकताच भाराने मुडपून जाईल. पाय पक्का बसल्याची खूण म्हणून वैमानिकांसमोर एक हिरवा दिवा लागतो. तीन पायांचे तीन हिरवे दिवे. ते तिन्ही लागलेले पाहिले, की वैमानिक निश्चिंत मनाने धावपट्टीकडे वळतो.

पण समजा, तिसरा दिवा लागलाच नाही, तर? याचे दोन अर्थ संभवतात. एक तर चाकाचा पाय पक्का बसला नसेल, किंवा पाय पक्का बसला असून केवळ दिवाच जळून गेला असेल. पहिला अर्थ खरा असेल, तर संकट मोठे; दुसरा खरा असेल, तर संकट काहीच नाही. चालककक्षात बसलेल्या माणसाला मात्र दोन्ही प्रसंगी एकच गोष्ट दिसते: एक विझलेला दिवा. अशा एका विझलेल्या दिव्याने काय अनर्थ घडवला, ते आता ऐका.

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र होती. अमेरिकेतील न्यूयॉर्कहून निघालेले ईस्टर्न एअरलाइन्स या कंपनीचे एक विमान साडेअकराच्या सुमारास फ्लॉरिडा राज्यातील मायामी शहराजवळ आले. लॉकहीड ट्रायस्टार जातीचे ते प्रचंड विमान त्या काळी अगदी नवे होते. प्रवासी आणि कर्मचारी मिळून त्यात १७६ माणसे होती. उतरण्यासाठी चाके खाली सोडण्यात आली. परंतु नाकाखालच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. कप्तान अनुभवी होता. त्याने उतरण्याचा बेत तात्पुरता रद्द केला, विमान २००० फूट उंचीवर नेले आणि ते स्वयंचालक यंत्राच्या स्वाधीन केले. येथपर्यंत सर्व काही योग्य रीतीने चालले होते.

मग सर्वांचे लक्ष त्या दिव्याकडे लागले. दिव्याची खोबण काढून पाहिली, तर ती पुन्हा नीट बसेना. एक जण ती बसवण्याची खटपट करू लागला, दुसरा त्याला सूचना देऊ लागला. यंत्र-अधिकारी चालककक्षाच्या तळाशी असलेल्या लहानशा खोलीत उतरला आणि तेथील झरोक्यातून चाक दिसते काय, ते पाहू लागला. कंपनीचा एक तंत्रज्ञ योगायोगाने तेथे बसला होता. तोही त्याच कामात गुंतला. अशा रीतीने चार जाणती माणसे एका लहानशा दिव्याभोवती गोळा झाली, आणि विमानाची उंची पाहणारा मात्र कोणीच उरला नाही. त्या गडबडीत कोणाच्या तरी अंगाचा स्पर्श सुकाणूच्या दांड्याला झाला असावा. तेवढ्या किंचित दाबाने स्वयंचालक यंत्राने उंची राखण्याचे काम सोडून दिले आणि विमान अगदी हळूहळू, कोणाला जाणवणारही नाही अशा रीतीने, खाली उतरू लागले. बाहेर मिट्ट काळोख होता आणि खाली एव्हरग्लेड्स नावाची अफाट दलदल पसरलेली होती. तेथे ना गाव, ना दिवा. उंची घटल्याची सूचना देणारा नाद झाला, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. विमानतळावरील नियंत्रकाला आपल्या यंत्रावर उंची कमी दिसली. त्याने कसे काय चालले आहे, अशी मोघम विचारपूस केली, परंतु उंचीचा स्पष्ट उल्लेख केला नाही. काही क्षणांतच ते विमान दलदलीत कोसळले. १०१ माणसे प्राणांस मुकली; ७५ वाचली.

पुढे चौकशी झाली, तेव्हा आढळून आले, की नाकाखालचे चाक खाली येऊन पक्के बसलेलेच होते. दिव्यातील दोन लहान बल्ब तेवढे जळून गेले होते. म्हणजे त्या रात्री विमानाला असा कोणताही बिघाड झालेला नव्हता, की ज्यामुळे ते कोसळावे. बिघडले होते ते लक्षाचे वाटप. कोकणच्या किनाऱ्यावरचा कोणताही तांडेल हे चटकन ओळखील. वादळात शीड फाटले, तर शीड सांधायला माणसे धावतात खरी; पण तांडेल आधी सुकाणू कोणाच्या हाती आहे, ते पाहतो. सर्वच खलाशी शिडाला लोंबकळले, तर गलबत खडकावर जाऊन आदळेल, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

या दुर्घटनेला सहा वर्षे होत आली, तोच असाच आणखी एक प्रसंग घडला. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे एक डीसी-८ जातीचे विमान १८९ माणसांना घेऊन डेन्व्हरहून पोर्टलंड येथे चालले होते. चाके खाली सोडताना उजव्या बाजूचा पाय एकदम धाडकन खाली आदळला आणि सारे विमान हादरले. पाय पक्का बसल्याचा दिवा लागला नाही. कप्तान कर्तव्यदक्ष होता. आधी बिघाड नीट समजून घ्यावा, प्रवाशांची पूर्ण तयारी करून घ्यावी आणि मगच उतरावे, असा विचार करून त्याने विमान शहराभोवती फिरवत ठेवले. त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु आकाशात घालवलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत इंधनाने चुकवावी लागते, याचे भान त्या चिंतेत सुटले. इंधन कमी होत असल्याचे यंत्र-अधिकारी सांगत होता. पण त्याच्या सांगण्यात जोर नव्हता, आणि कप्तानाचे मन चाकात गुंतले होते. सुमारे एक तास गेल्यावर एकामागून एक सर्व यंत्रे बंद पडली आणि विमान विमानतळाच्या अलीकडेच कोसळले. टाक्या कोरड्या असल्याने आग लागली नाही, म्हणून बहुतेक सर्व वाचले. तरी १० जणांना प्राण गमवावे लागले.

पहिल्या प्रसंगी विमानाकडे पाहायला कोणी नव्हते. दुसऱ्या प्रसंगी पाहणारा होता, त्याला धोका दिसतही होता. पण वरिष्ठाला तो ठासून सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही, आणि वरिष्ठाला ते ऐकण्याची उसंत झाली नाही. या दोन घटनांनी विमानविद्येच्या जाणकारांना अंतर्मुख केले. तोवर अशी समजूत होती, की वैमानिक कुशल असला आणि यंत्र मजबूत असले, म्हणजे झाले. आता असे दिसून आले, की माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, कसे बोलावे आणि कसे ऐकावे, हासुद्धा विमान चालवण्याच्या विद्येचाच एक भाग आहे. १९७९ साली अमेरिकेतील 'नासा' या संस्थेने या विषयाच्या विचारासाठी खास परिषद भरवली. १९८१ साली युनायटेड कंपनीने आपल्या वैमानिकांना परस्परसहकार्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यास आरंभ केला. पुढे हे शिक्षण जगभर पसरले. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत बोलून दाखवावी, ती ऐकली गेली नाही तर पुन्हा सांगावी; आणि वरिष्ठाने तो आपला अपमान न मानता मदत मानावी, हे त्यातील मुख्य सूत्र होय.

याच्या जोडीला आणखी एक जुना सांगाती होता, तो म्हणजे पडताळ्याची यादी. तिचा जन्मही एका अपघातातूनच झाला. १९३५ साली ओहायो राज्यातील डेटन येथे बोइंग कंपनीचे एक भले मोठे नवे विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेच कोसळले. जमिनीवर उभे असताना विमानाच्या पंखांचे व शेपटीचे हलते भाग वाऱ्याने हालू नयेत, म्हणून त्यांना अडसर लावलेला असतो. तो काढावयाचा राहून गेला होता. चालवणारा वैमानिक अत्यंत निष्णात होता. तरीही विसर पडला. तेव्हा विमानाची कामे केवळ स्मरणावर सोपवून चालणार नाहीत, हे लोकांच्या ध्यानी आले. उड्डाणापूर्वी काय पाहावे, उतरण्यापूर्वी काय पाहावे आणि अमुक एक बिघाड झाला तर क्रमाने काय करावे, हे सारे लिहून ठेवण्याची पद्धत पडली. आज एक वैमानिक यादीतील ओळ मोठ्याने वाचतो आणि दुसरा ती गोष्ट प्रत्यक्ष पाहून उत्तर देतो. संकट आल्यावर युक्ती शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. म्हणून जमिनीवरच्या कृत्रिम चालककक्षात बसून वैमानिक अशा संकटांचा पुन:पुन्हा सराव करतात.

या सर्व शिक्षणाचे सार तीन लहान आज्ञांत सांगतात: प्रथम विमान सांभाळा, मग कोठे जात आहात ते पाहा, आणि त्यानंतर इतरांशी बोला. हा क्रम कधीही उलटा होता कामा नये. तो पाळला गेला, तर काय साधते, याचे एक बोलके उदाहरण २००५ साली घडले.

२१ सप्टेंबर २००५ रोजी दुपारी तीनच्या पुढे लॉस एंजेलिस शहराजवळील बरबँक येथून जेटब्लू कंपनीचे एक एअरबस ए-३२० विमान न्यूयॉर्कला जाण्यासाठी उडाले. त्यात १४० प्रवासी आणि सहा कर्मचारी होते. वर चढताच वैमानिकांनी चाके आत घेण्याचा प्रयत्न केला; परंतु ती आत जाईनात आणि नाकाखालच्या चाकात दोष असल्याचे संगणक दाखवू लागला. कप्तान स्कॉट बर्क आणि त्याचा सहवैमानिक यांनी प्रथम काय केले? त्यांनी कामाची वाटणी केली. सहवैमानिक विमान चालवीत राहिला आणि कप्तानाने बिघाडाचा शोध हाती घेतला. १९७२ साली जे राहून गेले होते, ते येथे सर्वांत आधी घडले.

संगणकावरील सूचनांवरून दोषाचे नेमके स्वरूप कळेना. आकाशात खाली वाकून चाकाकडे पाहणार कोण? तेव्हा वैमानिकांनी जमिनीवरच्या डोळ्यांची मदत घेतली. त्यांनी विमान जवळच्या लाँग बीच विमानतळावर नेले आणि नियंत्रण-मनोऱ्याजवळून कमी उंचीवरून उडवले. खालून पाहणाऱ्यांनी कळवले, की नाकाखालची दोन्ही चाके पुढच्या दिशेला असण्याऐवजी काटकोनात वळून आडवी झाली आहेत. आता संकट स्पष्ट झाले. गाडीची चाके आडवी असताना ती फरफटत नेल्यासारखी स्थिती होणार होती. चाके झिजतील, कदाचित पेट घेतील, कदाचित तो पायच मोडून पडेल.

परंतु संकट स्पष्ट झाले, हाही एक लाभच होता. कशाशी सामना आहे, हे कळले म्हणजे तयारी करता येते. विमानात देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याइतके इंधन भरलेले होते. इतके ओझे घेऊन उतरले, तर वेग अधिक ठेवावा लागतो, चाकांवर भार अधिक पडतो आणि आगीचे भय वाढते. काही मोठ्या विमानांना जादा इंधन हवेत सोडून देता येते; या जातीच्या विमानाला तशी सोय नाही. तेव्हा इंधन जाळून संपवणे, हाच एक उपाय होता. सुमारे तीन तासांपर्यंत ते विमान आकाशात फिरत राहिले. येथेही पोर्टलंडच्या प्रसंगाची आठवण होते. तेथेही विमान फिरतच राहिले होते. पण तेथे इंधन नकळत संपले, आणि येथे ते मोजून मापून संपवले गेले. किती जळाले, किती उरले आणि त्याने विमानाचा तोल कोठे सरकला, यावर कप्तानाची नजर होती. तीच कृती बेसावधपणे केली तर घातक, आणि सावधपणे केली तर तारक.

आपल्या देशातही असा प्रसंग अलीकडेच येऊन गेला. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीहून शारजाकडे निघालेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या बोइंग ७३७ विमानात उड्डाणानंतर तेलाच्या दाबाच्या यंत्रणेत बिघाड आढळला. त्याही विमानाने दोन तासांहून अधिक काळ घिरट्या घालून इंधन कमी केले आणि मग ते तिरुचिरापल्लीलाच सुखरूप उतरले. खालून पाहणाऱ्यांना अशा घिरट्या म्हणजे असहायतेचे लक्षण वाटते. वस्तुत: ती विचारपूर्वक केलेली तयारी असते.

लॉस एंजेलिसच्या आकाशातही अशीच तयारी चालू होती. मोठी धावपट्टी आणि अग्निशामक दलाची भरपूर साधने असल्याने लॉस एंजेलिसच्या मुख्य विमानतळावर उतरण्याचे ठरले. विमानाचे नाक शक्य तितके हलके असावे, म्हणून परिचारकांनी पुढच्या रांगांतील प्रवाशांना आणि त्यांच्या सामानाला मागे हलवले. संकटकाळच्या दारांजवळ धडधाकट माणसे बसवली. टेकण्याच्या वेळी पुढे वाकून, डोके खाली घालून कसे बसावे, ते प्रत्येकाला समजावले. नाकाखालचा पाय मोडलाच, तर शेपूट उंच होऊन मागच्या दारांतून उतरणे कठीण जाईल. तेव्हा पुढच्या दारांनी बाहेर पडावे, हेही कप्तानाने आधीच ठरवून ठेवले होते.

प्रवासी विमानातील परिचारकांना आपण खाद्यपेये आणून देणारी माणसे म्हणून ओळखतो. त्यांचे खरे काम अशा वेळी दिसते. नव्या जातीच्या विमानाला परवानगी देताना अशी परीक्षा घेतात, की निम्मीच दारे उघडी ठेवून आणि काळोखात सर्व माणसे ९० सेकंदांच्या आत बाहेर पडली पाहिजेत. ही शिस्त घडवून आणतात ते हे परिचारक. आपले सामान घेण्यासाठी एखादा प्रवासी वाटेत थांबला, तर त्याच्या मागे असलेल्या सर्वांचे सेकंद तो खर्च करीत असतो.

या विमानात प्रत्येक आसनासमोर दूरचित्रवाणीचा लहान पडदा होता. वार्ताहरांनी या विमानाचे चित्र थेट दाखवण्यास सुरुवात केली आणि प्रवासी आपलेच संकट आपल्याच डोळ्यांनी पडद्यावर पाहू लागले. काहींना रडू आले, काहींनी घरच्यांसाठी निरोप लिहून ठेवले. उतरण्यापूर्वी ते पडदे बंद करण्यात आले. भय त्या विमानात होतेच. परंतु भयाच्या शेजारीच प्रत्येकाला नेमून दिलेले काम होते, आणि त्या कामानेच भयाला आवरून धरले.

संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर कप्तानाने विमान स्वत:च्या हाती घेतले आणि ते धावपट्टीकडे वळवले. पंखांखालची चाके अलगद टेकली. कप्तानाने नाक वरच धरून ठेवले. नाक एकदम खाली येईल, अशी प्रत्येक गोष्ट त्याने टाळली. यंत्रांचा उलटा झोतही वापरला नाही. वेग बराच उतरला, तेव्हा कोठे नाकाखालची आडवी चाके जमिनीला लागली. प्रथम धूर निघाला, मग टायरांच्या चिंध्या उडाल्या आणि उघड्या धातूखालून ठिणग्यांचा व ज्वाळांचा लोट उठला. पण तो पाय मोडला नाही. विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवरून सरळ धावत गेले आणि सुमारे ११००० फूट लांबीच्या त्या धावपट्टीचे अखेरचे जवळजवळ १००० फूट शिल्लक असताना थांबले. आग उरलेली नाही, अशी बाहेरून खात्री झाली. तेव्हा घसरगुंड्यांचीही गरज पडली नाही. सर्व १४६ माणसे जिन्याने शांतपणे खाली उतरली. एकालाही इजा झाली नव्हती.

पुढे चौकशी झाली. नाकाखालच्या पायात चाकांना फिरण्यापासून अडवणारे धातूचे दोन लहान कान तुटलेले आढळले. प्रत्येक वेळी उतरण्यापूर्वी संगणक चाके वळवण्याच्या यंत्रणेची स्वत:हून चाचणी घेत असे. त्या चाचणीचे लहान लहान हिसके वारंवार बसून धातू थकत गेला आणि एके दिवशी तुटला. सुरक्षिततेसाठी घेतलेली परीक्षाच दोषाचे कारण ठरली! तेव्हा त्या संगणकाच्या आज्ञावलीत सुधारणा करण्यात आली. विमानविद्येची ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे संकट टळले म्हणजे पेढे वाटून विषय संपवत नाहीत. कोणाला दोषी धरावे, यापेक्षा हे पुन्हा कसे घडणार नाही, याचा शोध ती रीत आधी घेते.

या सर्व हकीकतींत अचाट शौर्याचे काम कोठे आहे? शोधू गेल्यास ते सापडत नाही. १९७२ सालचे वैमानिक भित्रे नव्हते आणि २००५ सालचे वैमानिक अलौकिक नव्हते. फरक इतकाच, की पहिल्यांच्या हातून क्रम सुटला आणि दुसऱ्यांनी तो सोडला नाही. दुसऱ्यांना तो क्रम माहीत होता, कारण पहिल्यांच्या मृत्यूने तो शिकवला होता. आपण ज्या विमानात सुखाने बसतो, त्याच्या प्रत्येक नियमामागे अशी कोणाची तरी आठवण उभी आहे.

आपल्यापैकी फारच थोडे जण वैमानिक होतील. परंतु विझलेला दिवा प्रत्येकाच्या आयुष्यात केव्हा ना केव्हा समोर येतोच. परीक्षेत एक प्रश्न अडतो आणि त्याच्याशी झगडताना उरलेली उत्तरपत्रिका कोरी राहते. घरात एक लहान कुरबूर होते आणि तिच्या नादात घराकडेच दुर्लक्ष होते. अशा वेळी क्षणभर स्वत:ला विचारावे: या एका दिव्याकडे मी पाहत आहे खरा, पण माझ्या विमानाच्या उंचीकडे कोणाचे लक्ष आहे?

स्वाध्याय

१. बैलगाडीतील बिघाड आणि विमानातील बिघाड यांत लेखकाने कोणता मुख्य फरक सांगितला आहे?
२. हिरवा दिवा न लागण्याचे कोणते दोन अर्थ संभवतात?
३. मायामीजवळच्या अपघातात 'बिघडले होते ते लक्षाचे वाटप' असे लेखक का म्हणतो?
४. पोर्टलंड येथील विमान आणि लॉस एंजेलिस येथील विमान दोन्ही आकाशात फिरत राहिली. मग परिणाम वेगळे का झाले?
५. कनिष्ठाने शंका बोलून दाखवणे आणि वरिष्ठाने ती ऐकणे, यांचे महत्त्व तुमच्या अनुभवातील एखाद्या प्रसंगाच्या आधारे दहा ओळींत लिहा.